मातीत मुरलेले इंधन

राजधानी दिल्ली आणि तिच्याभोवतीची गुरुग्राम, फरीदाबाद, नोएडा, गाझियाबाद ही शहरे रात्रंदिवस वाहनांनी गजबजलेली असतात. एकट्या दिल्लीत ४०० च्या आसपास पेट्रोलपंप आहेत. गाडी पंपावर थांबते, यंत्रावरचे आकडे शून्यावर येतात, इंधन भरले जाते आणि गाडी पुढे निघते. ग्राहकाच्या दृष्टीस पडतो तो एवढाच भाग. इंधनाचा खरा साठा त्याच्या पायाखाली, काँक्रीटच्या फरशीखाली पुरलेल्या पोलादी टाक्यांत असतो. एकेका टाकीची क्षमता बहुधा २० हजार लिटर किंवा त्याहूनही अधिक असते. आगीचा धोका कमी व्हावा आणि उन्हाच्या तापाने इंधन उडून जाऊ नये म्हणून या टाक्या जमिनीखाली ठेवतात. सुरक्षिततेसाठी केलेली ही योजना योग्यच आहे. परंतु जे नजरेआड असते त्याची झीजही नजरेआडच होते.

पेट्रोलपंपांप्रमाणेच बस आगारे, रुग्णालये, व्यापारी संकुले आणि मोठ्या गृहसंकुलांच्या आवारातही डिझेलचे साठे असतात. यांपैकी एखादी टाकी गळू लागली तर काय होते आणि मातीत मुरलेले इंधन पुन्हा बाहेर कसे काढतात, हा विषय रसायनशास्त्राचा व भूगर्भशास्त्राचा तर आहेच. पण तो पिण्याच्या पाण्याचा आणि जमिनीच्या किमतीचाही आहे. म्हणूनच पंपचालक, कूपनलिकेवर अवलंबून असलेले रहिवासी, जमीन खरेदी करणारे ग्राहक आणि त्या जमिनीच्या तारणावर कर्ज देणारे बँक अधिकारी या सर्वांनी तो समजून घेणे हितावह ठरेल.

थेंबाथेंबाचा हिशेब

पोलादाची टाकी ओलसर मातीत वर्षानुवर्षे राहिली की तिला गंज चढतो. मातीतील क्षार आणि जवळच्या विद्युतवाहिन्यांतून जमिनीत शिरणारा भटका प्रवाह ही क्रिया अधिक वेगवान करतात. पुष्कळदा टाकीच्या आधी तिला जोडलेल्या नळ्यांचे सांधेच दगा देतात. टँकरमधून इंधन उतरवून घेताना टाकी भरून वाहणे, हेही नेहमीचे एक कारण आहे.

मोठी गळती लवकर लक्षात येते. घातक ठरते ती लहान गळती. एखाद्या सांध्यातून सेकंदाला केवळ एक थेंब पडत आहे अशी कल्पना करावी. २० थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तर दिवसाला सुमारे सव्वाचार लिटर आणि वर्षाला दीड हजार लिटरांहून अधिक इंधन जमिनीत जाते. रोज पाच हजार लिटर विक्री असलेल्या पंपावर ही तूट ०.१ टक्क्याहूनही कमी भरते. दुसरीकडे, दहा हजार लिटर पेट्रोलचे तापमान पाच अंश सेल्सियसने उतरले, तर त्याचे आकारमान सुमारे ५० लिटरांनी घटते. दिल्लीच्या कडक उन्हाळ्यात तापलेल्या टँकरमधले इंधन भूमिगत टाकीच्या गारव्यात उतरते, तेव्हा अशी घट होणे स्वाभाविकच असते. या मोठ्या चढउतारात चार लिटरांची गळती सहज लपून जाते.

तरीही ती ओळखण्याचा एक मार्ग आहे आणि तो बँकेच्या कर्मचाऱ्यांना चांगला परिचित आहे. तापमानामुळे किंवा मोजणीतील चुकीमुळे पडणारा फरक कधी जमेच्या बाजूला असतो, कधी खर्चाच्या. महिनाभराची बेरीज केली तर त्यातला बराचसा भाग परस्पर कटून जातो. गळतीचा फरक मात्र कायम एकाच बाजूचा असतो. म्हणून टाकीतील डिप रॉडचे रोजचे माप, आलेल्या टँकरची नोंद आणि यंत्रावरून झालेली विक्री यांचा ताळा दररोज घालणे आणि महिन्याच्या अखेरीस फरकांची बेरीज पाहणे, ही गळती शोधण्याची सर्वांत जुनी व सर्वांत स्वस्त पद्धत आहे. अनेक पंपांवर आता टाकीतील पातळी आपोआप मोजणारी यंत्रणा बसलेली असते. परंतु तिने दिलेले आकडे कोणी वाचलेच नाहीत तर तिचा उपयोग शून्य.

जमिनीखाली काय घडते

टाकीतून बाहेर पडलेले इंधन प्रथम सरळ खाली उतरू लागते. वाटेत मातीच्या कणांना ते चिकटते व कणांमधल्या पोकळ्यांत अडकून राहते. पुरेसे इंधन असेल तर ते भूजलाच्या पातळीपर्यंत पोहोचते. पेट्रोल पाण्यापेक्षा हलके असल्यामुळे तेथे ते तरंगत्या थराच्या रूपाने पसरते. त्यातील काही घटक पाण्यात विरघळतात आणि भूजलाच्या प्रवाहाबरोबर पुढे जातात. उरलेल्यांपैकी काहींची वाफ होऊन ती मातीतून वर चढते आणि तळघरे, गटारे व केबलच्या चरांमध्ये साचते. अशा प्रकारे एकच गळती मातीला चिकटलेले, पाण्यावर तरंगणारे, पाण्यात विरघळलेले आणि वायुरूप अशा चार अवस्थांत विभागली जाते. प्रत्येक अवस्थेचा उपाय वेगळा असल्यामुळेच शुद्धीकरणाचे काम गुंतागुंतीचे बनते.

विरघळणाऱ्या घटकांत बेंझीन, टोल्युइन, इथाइलबेंझीन आणि झायलीन ही चार संयुगे महत्त्वाची होत. त्यांतील बेंझीन मानवात कर्करोग निर्माण करते हे निर्विवाद सिद्ध झालेले आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक मूल्यानुसार पिण्याच्या पाण्यात त्याचे प्रमाण लिटरला १० मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक असू नये. भारतात सध्याच्या भारत स्टेज-६ मानकानुसार पेट्रोलमध्ये आकारमानाने जास्तीत जास्त एक टक्का बेंझीन असू शकते. म्हणजे एक लिटर पेट्रोलमध्ये पावणेनऊ ग्रॅमच्या आसपास बेंझीन असते. हे सर्व बेंझीन पाण्यात उतरले, तर पावणेनऊ लाख लिटर पाणी त्या मर्यादेच्या काठावर पोहोचवण्यास ते पुरेसे आहे. एका लिटराची ही व्याप्ती पाहिली की वर्षाला दीड हजार लिटरांचा अर्थ ध्यानात येतो.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. पाण्याला पेट्रोलचा वास येत असेल तर ते अर्थातच पिऊ नये. पण वास येत नाही म्हणून पाणी शुद्ध आहे असे मानता येत नाही. मर्यादेच्या कित्येक पट बेंझीन पाण्यात असूनही नाकाला त्याचा पत्ता लागत नाही. असे पाणी उकळणे हाही सुरक्षित उपाय नव्हे, कारण उकळताना बेंझीनची वाफ स्वयंपाकघरातील हवेत मिसळते. संशय येताच त्या पाण्याचा वापर थांबवून मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडून तपासणी करून घेणे, हाच योग्य मार्ग होय.

धोका केवळ कागदावरचा नाही, याचे उदाहरण उत्तर चेन्नईतील तोंडियारपेट भागाने दिले. २०१३ साली तेथील रहिवाशांच्या कूपनलिकांतून पाण्याबरोबर इंधन येऊ लागले. बंदराकडून साठवण केंद्राकडे जाणाऱ्या भूमिगत तेलवाहिनीतील गळती हे त्याचे मूळ होते. प्रकरण राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढे गेले आणि माती व भूजल यांच्या शुद्धीकरणाचे काम दीर्घकाळ चालले. अमेरिकेतील सांता मोनिका शहराने तर १९९६ मध्ये पेट्रोलमधील एमटीबीई या रसायनामुळे आपल्या पिण्याच्या पाण्याच्या जवळजवळ निम्म्या पुरवठ्यावर पाणी सोडले. शहराच्या विहिरी बंद कराव्या लागल्या आणि पाणी बाहेरून विकत घ्यावे लागले.

दिल्लीची जमीन

गळती तीच, पण जमीन बदलली की परिणाम बदलतो. या दृष्टीने दिल्ली परिसर हा एक उत्तम धडा आहे. यमुनेच्या पूरमैदानात वाळू आणि गाळाचे थर आहेत व भूजल काही मीटरांवरच सापडते. येथे सांडलेले इंधन लवकर पाण्यापर्यंत पोहोचते. मात्र वाळूचे थर बऱ्याच अंशी एकसारखे असल्यामुळे ते कोणत्या दिशेने जाईल याचा अंदाज बांधता येतो. दक्षिण दिल्लीकडे अरवलीच्या रांगेचा कठीण क्वार्ट्झाइट खडक आहे. तेथे भूजल कित्येक ठिकाणी बरेच खोल गेलेले आहे आणि ते खडकांच्या भेगांतून वाहते. भेगेत शिरलेले इंधन जवळची विहीर सोडून दूरच्या विहिरीत प्रकट होऊ शकते.

महाराष्ट्रातील वाचकांना ही दुसरी स्थिती अधिक ओळखीची वाटेल. दख्खनच्या पठारावरील काळ्या कातळातही पाणी सांध्यांतून आणि भेगांतूनच फिरते. एकाच गल्लीतील एका विहिरीला भरपूर पाणी, तर शेजारची कोरडी, हा अनुभव गावोगावचा आहे. जो नियम पाण्याला, तोच इंधनाला. म्हणून खडकाळ प्रदेशात गळती रोखण्याला शुद्धीकरणाहून कितीतरी अधिक महत्त्व आहे.

दिल्लीची आणखी एक अडचण म्हणजे भूजलाचा प्रचंड उपसा. जोराने उपसा करणारी कूपनलिका आपल्याभोवतीचे पाणी स्वतःकडे खेचते आणि त्याबरोबर प्रदूषणाचा पट्टाही तिच्या दिशेने सरकतो. पातळी खाली गेली की तरंगता इंधनाचा थरही खाली जातो. पावसाळ्यात ती वर आली की वरच्या मातीत नवा लेप बसतो. दरवर्षीच्या या चढउताराने इंधन मातीच्या जाड पट्ट्यात माखले जाते आणि ते काढणे अधिकाधिक कठीण होते. देशातील भूजलाचा अभ्यास करणाऱ्या केंद्रीय भूजल मंडळाचे मुख्यालय याच परिसरात, फरीदाबाद येथे आहे.

शोध आणि मोजमाप

गळती लक्षात आली की पहिले काम असते ती थांबवण्याचे. संशयित टाकी रिकामी करणे, ठिणगी उडेल अशी सर्व कामे बंद करणे आणि आसपासच्या तळघरांत व गटारांत ज्वालाग्राही वाफ साचली आहे काय हे उपकरणाने तपासणे, या गोष्टी तातडीच्या असतात. त्यानंतर प्रदूषण किती व कोठवर पसरले आहे याचा नकाशा तयार करतात.

यासाठी ठिकठिकाणी छिद्रे घेऊन मातीचे नमुने तपासले जातात आणि निरीक्षण विहिरी खोदल्या जातात. त्या किमान तीन लागतात, त्याही एका रेषेत नव्हे तर त्रिकोणाच्या आकारात. तीन ठिकाणची पाण्याची पातळी समजली की भूजलाचा उतार कोणत्या दिशेला आहे हे काढता येते आणि पाण्याबरोबर प्रदूषण कोणाच्या विहिरीकडे निघाले आहे हेही कळते. या टप्प्यावर केलेली काटकसर पुढे महागात पडते, कारण चुकीच्या जागी बसवलेली महागडी यंत्रणा वर्षानुवर्षे शुद्ध पाणीच उपसत राहते.

शुद्धीकरणाच्या पद्धती

भूजलावर तरंगणारा इंधनाचा थर प्रथम काढून घेतात. विहिरीत खास पंप किंवा थर खरवडून घेणारी साधने सोडून हे इंधन वर आणले जाते. मुळावरच घाव घालणारे हे काम असल्याने त्याला अग्रक्रम असतो. मात्र अशा रीतीने सगळे इंधन कधीच निघत नाही; पुष्कळसा भाग मातीच्या पोकळ्यांत अडकून राहतो.

प्रदूषण उथळ व मर्यादित असेल तर माती खणून काढून तिच्यावर अन्यत्र प्रक्रिया करणे हा सरळ उपाय ठरतो. परंतु दाट वस्तीच्या शहरात, इमारतींच्या पायालगत खोल खोदकाम करणे शक्य नसते. अशा वेळी माती जागेवरच ठेवून तिच्यातील वाफ शोषून घेतात. भूजलाच्या पातळीच्या वर छिद्रे असलेल्या नळ्या बसवून निर्वात पंपाने मातीतील हवा ओढली जाते. तिच्याबरोबर इंधनाची वाफ बाहेर येते व ती सक्रिय कार्बनच्या थरातून गाळून घेतली जाते. पेट्रोल उडून जाणारे असल्यामुळे त्याला ही पद्धत चांगली लागू पडते; डिझेलसारख्या जड इंधनाला तितकीशी नाही. भूजलाच्या आत हवेचे बुडबुडे सोडून विरघळलेले घटक वर आणण्याची पद्धतही तिच्या जोडीने वापरतात.

दूषित पाणी उपसून, सक्रिय कार्बनमधून गाळून परत सोडण्याची पद्धत एकेकाळी सर्वत्र वापरली जात असे. प्रदूषणाचा पट्टा पुढे सरकू न देण्यासाठी ती उपयुक्त आहे. पण तिने जमीन पूर्ण शुद्ध होण्यास फार वेळ लागतो. पाणी काढले तरी मातीला चिकटलेले इंधन थोडेथोडे विरघळत राहते. तेलकट भांडे नुसत्या पाण्याने विसळत राहावे, तशातला हा प्रकार. काही ठिकाणी हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा परसल्फेट यांसारखी रसायने जमिनीत सोडून प्रदूषकांचे जागच्या जागी विघटन घडवतात. हा मार्ग जलद आहे, परंतु खर्चिक आहे आणि कुशल देखरेखीशिवाय धोक्याचाही.

सूक्ष्म जीवांचे साहाय्य

इंधन हे अखेर प्राचीन सजीवांच्या अवशेषांपासूनच बनलेले आहे. त्यामुळे ते खाऊन जगणारे जीवाणू मातीत मुळातच असतात. त्यांना अनुकूल परिस्थिती मिळवून दिली की ते हायड्रोकार्बनचे रूपांतर कार्बन डायॉक्साइड आणि पाणी यांत करतात. १९७२ साली अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातील ॲम्बलर येथे पेट्रोलवाहिनी गळली, तेव्हा रिचर्ड रेमंड या शास्त्रज्ञाने जमिनीत हवा आणि नत्र-स्फुरदयुक्त पोषकद्रव्ये सोडून तेथील जीवाणूंकडूनच उरलेले पेट्रोल नष्ट करवले. जागेवरच्या जैविक शुद्धीकरणाचा हा आरंभ मानला जातो.

या जीवाणूंना सर्वांत अधिक उणीव भासते ती प्राणवायूची. एक लिटर पेट्रोलचे पूर्ण विघटन होण्यासाठी साधारण सव्वादोन किलो प्राणवायू लागतो. हवेच्या संपर्कातील एक लिटर पाण्यात जेमतेम आठ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळलेला असतो. या हिशेबाने एक लिटर पेट्रोलसाठी पावणेतीन लाख लिटर पाणी खेळवावे लागेल. तोच प्राणवायू आठ-नऊ घनमीटर हवेत, म्हणजे एखाद्या लहान न्हाणीघरात मावेल एवढ्या हवेत उपलब्ध असतो. म्हणूनच आजकाल भूजल पातळीच्या वरच्या मातीत संथ गतीने हवा सोडण्यावर भर दिला जातो. खर्च कमी, यंत्रसामग्री साधी आणि काम जीवाणूंचे, असा हा मेळ आहे.

भारतात या क्षेत्रातील महत्त्वाचे काम दिल्ली परिसरातच झाले. नवी दिल्लीतील ‘टेरी’, म्हणजेच ऊर्जा आणि संसाधन संस्थेने केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या साहाय्याने ‘ऑइलझॅपर’ हे जीवाणूंचे मिश्रण विकसित केले. फरीदाबाद येथील इंडियन ऑइलच्या संशोधन केंद्राचाही या कामात सहभाग होता. पाच प्रकारचे नैसर्गिक जीवाणू मक्याच्या कणसाच्या भुशात मुरवून हे मिश्रण तयार करतात आणि तेलकट मातीत मिसळतात. मथुरा व बरौनी येथील तेलशुद्धीकरण कारखान्यांतील तेलकट गाळावर त्याचा प्रत्यक्ष वापर झाला. पुढे २००७ मध्ये ओएनजीसी आणि टेरी यांनी संयुक्त कंपनी स्थापन करून हे काम व्यापारी पातळीवर नेले.

तथापि एक विवेक आवश्यक आहे. कच्च्या तेलाचा चिकट गाळ जमिनीवर पसरलेला असतो, त्याला बाहेरून जीवाणू देणे आणि नांगरून हवा देणे शक्य असते. पंपाखाली दहा-बारा मीटर खोल मुरलेल्या पेट्रोलची गोष्ट वेगळी आहे. तेथे स्थानिक जीवाणू बहुधा पुरेसे असतात. कमतरता हवेची व पोषणाची असते. जीवाणूंची भुकटी ओतली की काम झाले, असे आश्वासन कोणी देत असेल तर ते पारखूनच घ्यावे.

जीवाणूंच्या या नैसर्गिक शक्तीमुळे एक दिलासादायक गोष्टही आढळून आली आहे. कॅलिफोर्नियातील शेकडो गळत्यांच्या नोंदी तपासून १९९५ साली लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेने निष्कर्ष काढला, की बहुतेक ठिकाणी बेंझीनचा पट्टा सुमारे २५० फुटांच्या आतच स्थिरावतो. त्यामुळे मूळ गळती बंद झाली असेल, तरंगता थर काढला असेल आणि जवळपास विहिरी नसतील, तर नियमित तपासणी ठेवून उरलेले काम निसर्गावर सोपवण्याचा पर्यायही शास्त्रमान्य आहे. अट एवढीच, की तपासणी खरोखर व्हावी.

इथेनॉलचा नवा प्रश्न

२०२५ पर्यंत देशात पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट गाठले गेले. महाराष्ट्रातील ऊस उत्पादक आणि साखर कारखाने यांचा या योजनेशी निकटचा संबंध आहे. गळतीच्या दृष्टीने मात्र काही नव्या गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात. इथेनॉल पाण्यात सहज मिसळते. टाकीत पाणी शिरले तर इथेनॉल पेट्रोलपासून विलग होऊन तळाशी पाण्याबरोबर थर धरते. त्यामुळे टाकीच्या तळाशी पाणी आहे का, हे तपासण्याचे महत्त्व पूर्वीहून वाढले आहे. शिवाय मिश्र इंधन जमिनीत गेल्यास जीवाणू प्रथम इथेनॉलवर ताव मारतात आणि त्यात उपलब्ध प्राणवायू संपून जातो. बेंझीनचे विघटन मग रेंगाळते आणि त्याचा पट्टा अधिक लांबवर जाऊ शकतो. पेट्रोलसाठी बसवलेले जुने आडाखे मिश्र इंधनाला जसेच्या तसे लावता येत नाहीत.

खर्च कोणी सोसायचा

अमेरिकेने १९८४ मध्ये भूमिगत टाक्यांसाठी स्वतंत्र कायदेशीर तरतूद केली आणि १९८६ मध्ये शुद्धीकरणासाठी निधी उभारला. या निधीत प्रत्येक गॅलन इंधनामागे एक-दशांश सेंट कर जमा होतो. तेव्हापासून तेथे पाच लाखांहून अधिक गळत्या नोंदल्या गेल्या आणि त्यांतील बहुसंख्य स्थळे शुद्ध करण्यात आली. ग्राहकाला जाणवणारही नाही अशा रकमेतून केवढे काम उभे राहू शकते, याचे हे उदाहरण होय.

भारतात पेट्रोलियमच्या साठ्यांना परवाने देणाऱ्या पेट्रोलियम आणि विस्फोटक सुरक्षा संघटनेचे मुख्यालय नागपूरला आहे. पंपांच्या बांधणीसाठी नोएडा येथील तेल उद्योग सुरक्षा संचालनालयाची मानके आहेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने ७ जानेवारी २०२० रोजी नव्या पंपांसाठी मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. त्यांनुसार शाळा, रुग्णालये व निवासी भागापासून ५० मीटरांचे अंतर अपेक्षित आहे. अडचणीच्या परिस्थितीत अतिरिक्त सुरक्षा उपायांसह ते ३० मीटरांपर्यंत कमी करता येते. जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने दूषित स्थळांच्या व्यवस्थापनासाठी स्वतंत्र नियम अधिसूचित केले. संशयित स्थळांची नोंद, त्यांची टप्प्याटप्प्याने तपासणी, जबाबदार व्यक्तीची निश्चिती आणि तिच्याकडून शुद्धीकरणाच्या खर्चाची वसुली, असा क्रम त्यांत आखून दिला आहे.

‘जो प्रदूषण करील त्याने भरपाई द्यावी’ हे तत्त्व मात्र त्याआधीच न्यायालयांनी रुजवले होते. ४ डिसेंबर १९८५ रोजी दिल्लीतील एका कारखान्यातून ओलियम वायूची गळती झाली. त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये असा सिद्धान्त मांडला, की धोकादायक उद्योगाने काळजी घेतली होती की नाही हा प्रश्नच गौण आहे. हानी झाली तर जबाबदारी त्याचीच. पुढे राजस्थानातील उदयपूरजवळच्या बिछडी गावात रासायनिक कारखान्यांमुळे विहिरी नासल्या. १९९६ च्या निकालात न्यायालयाने शुद्धीकरणाचा खर्च कारखानदारांवर टाकला. नागपूरच्या ‘नीरी’ या संस्थेने तेथील हानीचा अभ्यास केला होता. ठरलेली ३७ कोटी ३८ लाख ५० हजार रुपयांची रक्कम भरण्यास वर्षानुवर्षे टाळाटाळ झाली, तेव्हा २०११ मध्ये न्यायालयाने तिच्यावर ४ नोव्हेंबर १९९७ पासून १२ टक्के दराने चक्रवाढ व्याज आकारले. वार्षिक चक्रवाढ धरली तर तोवर ती रक्कम सुमारे पावणेपाच पट झालेली होती. मातीचे देणे लांबवले तर ते कमी होत नाही, हे न्यायालयाने व्याजाच्या भाषेत सांगितले.

ग्राहक आणि बँक यांच्यासाठी

पंपाची किंवा पूर्वी पंप असलेली जमीन खरेदी करताना, भाड्याने घेताना अथवा तारण म्हणून स्वीकारताना सातबारा उतारा, मालकीहक्क व बाजारभाव यांबरोबर जमिनीखालची स्थितीही पाहणे शहाणपणाचे आहे. टाक्या केव्हा बसवल्या, त्या एकेरी भिंतीच्या आहेत की दुहेरी, त्यांची दाबचाचणी केव्हा झाली, बंद पडलेल्या टाक्या रिकाम्या करून वायुमुक्त केल्या की तशाच पुरून टाकल्या, हे प्रश्न विचारावेत आणि उत्तरे कागदोपत्री घ्यावीत. शंका असेल तर दोन-तीन ठिकाणचे मातीचे नमुने तपासून घ्यावेत. शुद्धीकरणाचा खर्च कधीकधी जमिनीच्या किमतीलाही मागे टाकतो आणि तेव्हा तारणाचे मूल्य केवळ कागदावर उरते. विमा घेताना आकस्मिक गळतीबरोबर सावकाश होणारी गळतीही त्यात समाविष्ट आहे काय, हे पॉलिसीच्या अटींत वाचून पाहावे. पुष्कळ पॉलिसींत ती वगळलेली असते.

गृहसंकुलांच्या व्यवस्थापकांनी जनरेटरच्या डिझेल टाकीखाली गळती धरून ठेवणारा पक्का कठडा किंवा तबक असल्याची खात्री करावी, आणि कूपनलिका टाकीपासून शक्य तितकी दूर ठेवावी. ज्यांच्या कूपनलिकेच्या पाण्याला तेलकट तवंग किंवा वास येतो, त्यांनी पाण्याचा वापर थांबवून नमुना जपून ठेवावा आणि लेखी तक्रार राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे करावी. दिल्लीत हे काम दिल्ली प्रदूषण नियंत्रण समितीकडे आहे.

पंपचालकांना फार मोठी गुंतवणूक न करताही बरेच काही साध्य करता येते. डिप रॉडचे माप रोज ठराविक वेळी घ्यावे, पाण्याची तपासणी चुकवू नये, टँकर उतरवताना माणूस तेथून हलू नये, आणि महिन्याच्या फरकाची बेरीज सतत एकाच बाजूला झुकत असेल तर टाकीची चाचणी करून घ्यावी. पहिल्या आठवड्यात सापडलेली गळती एका सांध्याच्या दुरुस्तीत आणि थोड्याशा मातीत मिटते. तीच दहा वर्षांनी सापडली, तर शेजाऱ्यांच्या विहिरी, न्यायालयाची तारीख आणि कित्येक वर्षांचे शुद्धीकरण तिच्यामागोमाग येते. या दोहोंमधले अंतर पुष्कळदा रोज सकाळच्या त्या एका नोंदीचे असते.